मारिया लॉकच्या घरची कागदपत्रं

प्रश्न थोडक्यात असा. पश्चिम सिडनीत ब्लॅकटाउनला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांच्या मुलीला शाळेत स्थानिक इतिहासाचा प्रकल्प मिळाला आहे. बाईंनी सांगितलंय, इथल्या एखाद्या आदिवासी घराण्याचा इतिहास शोधून आण. वडिलांना हे काही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, इतिहास कागदपत्रांवर चालतो. आजी-आजोबांच्या आठवणी ऐकायला छान, पण त्यांनी ब्रिटिश वसाहतीचा इतिहास बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं? सनावळी तर तीच राहते ना?

मी गेली अठरा वर्षं सिडनीत जुन्या सरकारी कागदांमधून लोकांना त्यांची माणसं शोधून द्यायला मदत करते. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांपैकी निम्मे तरी आदिवासी घरांतले असतात. त्यामुळे उत्तर त्या टेबलावरूनच देते. (मी 'आदिवासी' म्हणते ते सोयीसाठी. इथे एक जमात नाही. शेकडो भाषिक समाज आहेत आणि प्रत्येकाला आपापलं नाव आहे. सिडनीच्या पश्चिमेकडचे ते धारुग.)

पहिली गोष्ट, 'कागद की आठवण' अशी ही कुस्तीच नाही. आदिवासी घराण्यांचा इतिहास बहुतांशी सरकारी कागदांवरच उभा राहतो, आणि आपल्यापेक्षा जास्तच. ज्या माणसावर सरकारचा डोळा असतो त्याच्याबद्दल सरकार पानंच्या पानं लिहितं. फरक पडतो तो कागद कसे लावले आहेत यात. दप्तरखान्यात कागद खात्याप्रमाणे लावलेले असतात: जमिनीचे इकडे, शाळेचे तिकडे, पोलिसांचे तिसरीकडे, घोंगड्या वाटल्याच्या याद्या चौथ्या खोक्यात. इतिहासकार खात्याच्या दारातून आत शिरला की त्याला खात्याचाच प्रश्न दिसतो, 'नेटिव्हांचं करायचं काय'. घरातलं माणूस येतं ते एक नाव घेऊन येतं आणि त्या नावामागे पाच खोकी उघडतं. कागद तेच असतात, पण माणसाप्रमाणे लावले की भलतंच बोलायला लागतात.

तुमच्या ब्लॅकटाउनचंच घ्या.

१७९१ च्या एप्रिलमध्ये पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप हॉक्सबरी नदीकडे गेला होता. तिथे त्याला गोम्बीरी नावाचा म्हातारा आणि त्याचा मुलगा यारामुंडी भेटले. गव्हर्नरासोबत सिडनीचा एक गॅडिगल माणूस होता, कोलबी नावाचा. त्याच्या जुन्या जखमेवर यारामुंडीने आपल्या पद्धतीने उपचार केला. हे सगळं बरोबरच्या अधिकाऱ्याने, वॉटकिन टेंचने, लिहून ठेवलंय. सर्वसाधारण पुस्तकात हा प्रसंग 'नेटिव्हांशी पहिली भेट' म्हणून एका परिच्छेदात येतो आणि संपतो. पुढच्या पानावर गोरे शेतकरी, मग रस्ते, मग मेंढ्या.

पण यारामुंडीला मुलगी होती. तिचं नाव मारिया.

१८१४ च्या डिसेंबरात गव्हर्नर मॅक्वारीने परामट्टाला आदिवासी मुलांसाठी 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' काढली. त्या पहिल्या मुलांमध्ये ही होती. १८१९ साली शाळांची वार्षिक परीक्षा झाली; सुमारे शंभर गोरी मुलं आणि वीसेक आदिवासी मुलं. सिडनीच्या वर्तमानपत्राने छापलं की पहिलं बक्षीस चौदा वर्षांच्या एका काळ्या मुलीने नेलं. नाव द्यायची गरज त्यांना वाटली नाही. ती मारिया, हे आज मानलं जातं ते बाकीचे कागद तिच्याभोवती जुळवल्यामुळे. मला या बातमीची गंमत वाटते: बक्षीस द्यायला तयार, नाव द्यायला नाही.

पुढे शाळा ब्लॅकटाउनला हलली (तुमच्या गावाला नाव मिळालं ते यावरूनच). तिच्या बांधकामावर रॉबर्ट लॉक नावाचा सुतार होता. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेला इंग्रज कैदी, निरक्षर. २६ जानेवारी १८२४ ला परामट्टाच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये मारियाने त्याच्याशी लग्न केलं. कैदी आणि आदिवासी स्त्री यांचं सरकारी मान्यतेने झालेलं हे पहिलं लग्न. कैदी कुणाच्या तरी ताब्यात द्यावा लागायचा, तेव्हा सरकारने रॉबर्टला त्याच्या बायकोच्याच ताब्यात दिलं! म्हणजे कागदोपत्री नवरा कैदी आणि बायको मालकीण. इंग्रजांनी येऊन आदिवासींना 'सुधारलं', या कथेत हे जोडपं कुठे बसवायचं ते तुम्हीच ठरवा. बायकोला लिहिता-वाचता येतं, नवरा अंगठा उठवतो.

आता मुख्य कागद. मारियाचा भाऊ, त्याचंही नाव कोलबी (नदीवरचा तो कोलबी वेगळा, गोंधळ करू नका, मी सुरुवातीला केला होता आणि दोन दिवस वाया घालवले). या भावाला आणि नुरागिंजी नावाच्या दुसऱ्या माणसाला १८१६ साली मॅक्वारीने ब्लॅकटाउनजवळ ३० एकर जमीन दिली. कशाबद्दल दिली हेही सांगायला हवं. त्या वर्षी मॅक्वारीने आदिवासींविरुद्ध लष्करी तुकड्या धाडल्या होत्या आणि हे दोघे एका तुकडीचे वाटाडे होते. त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या तुकडीने एप्रिलमध्ये ॲपिन इथे किमान चौदा जणांना मारलं. वंशजांना हे ठाऊक आहे आणि ते लपवत नाहीत. माझा अनुभव असा की घराण्याचा इतिहास शोधणारी माणसं पूर्वजांना देव करतात ही समजूत चुकीची आहे. देव करतात ते बहुधा पुतळे उभारणारे.

कोलबी वारला. १८३१ साली मारियाने गव्हर्नर डार्लिंगला अर्ज केला: लग्नाच्या वेळी मला थोडी जमीन आणि एक गाय द्यायचं कबूल केलं होतं, आणि माझ्या मयत भावाची जमीन मला मिळावी. वारसाहक्काचा अर्ज म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या कुणालाही त्यातला सूर ओळखू येईल. विनवणीची भाषा, आणि आत पक्कं गणित. तिच्या वतीने लिव्हरपूलजवळ ४० एकर मिळाली ती नवऱ्याच्या नावावर. भावाची ३० एकर यायला १८४३ साल उजाडलं. अर्जानंतर बारा वर्षं.

रॉबर्ट १८५४ ला गेला, मारिया १८७८ ला. जमीन तिच्या हयात नऊ मुलांना वाटून गेली आणि तिची नातवंडं-पतवंडं तिथे राहिली. मग १९२० च्या सुमारास सरकारच्या आदिवासी संरक्षण मंडळाने काय केलं, तर ती जमीन म्हणजे 'आदिवासींसाठीची राखीव जमीन' असं धरून ते आरक्षणच रद्द केलं. मालकीची जमीन आधी मेहेरबानीची ठरवली आणि मग मेहेरबानी मागे घेतली.

ही हकिगत एका ओळीत लावल्यावर काय काय मोडतं बघा. सिडनीची मूळ माणसं १७८९ च्या देवीच्या साथीत संपली, उरलेली हळूहळू नाहीशी झाली, असं कितीतरी वर्षं शिकवलं गेलं. देवीची साथ खरी, तिने माणसं पटापट मेली हेही खरं. पण 'नाहीशी झाली' हे खोटं. गोम्बीरीपासून मारियाच्या नातवंडांपर्यंत एकही पिढी कागदातून गायब नाही. आज धारुग समाजातली हजारो माणसं स्वतःला मारियाचे वंशज म्हणवतात. दुसरं म्हणजे 'जमीन घेतली' ही इंग्रज इथे येऊन वसले त्या १७८८ सालची एकच घटना राहत नाही. या एका घरातून जमीन गेली, परत मिळवली आणि पुन्हा गेली, तीही विसाव्या शतकात, माणसांच्या आठवणीच्या टप्प्यात. पाठ्यपुस्तकात 'वसाहतीची सुरुवात', 'सीमेवरचा संघर्ष', 'संरक्षणाचा काळ' अशी प्रकरणं असतात. मारियाच्या घराला ही प्रकरणं लागूच पडत नाहीत.

टास्मानियात हे आणखी ठसठशीत दिसतं. १८७६ साली त्रुगानिनी वारली आणि जगभर छापून आलं की शेवटची टास्मानियन गेली. तिचा सांगाडा संग्रहालयात १९४७ पर्यंत लोकांना दाखवायला ठेवला होता. अख्खा वंश संपल्याचं उदाहरण म्हणून जगात टास्मानियाचं नाव घेतलं जायचं. त्या वेळी फॅनी कॉक्रेन स्मिथ ही टास्मानियन आदिवासी बाई जिवंत होती. फ्लिंडर्स बेटावरच्या वायबालेना वसाहतीत १८३४ साली जन्मलेली, एका इंग्रज लाकूडकाप्याशी लग्न केलेली, अकरा मुलांची आई. तिथल्या संसदेने १८८४ मध्ये तिला ३०० एकर जमीन मंजूर केली होती, म्हणजे सरकारला ती आहे हे पुरतं माहीत होतं! १८९९ आणि १९०३ मध्ये तिने मेणाच्या नळकांड्यांवर आपल्या भाषेतली गाणी गायली. ते ध्वनिमुद्रण आजही आहे. १९०५ साली ती वारली.

शिवाय बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर सील मारणाऱ्या गोऱ्यांनी आदिवासी बायका नेल्या होत्या, बऱ्याचदा जबरदस्तीने. मानालार्गेना या प्रमुखाच्या मुलीही त्यांत होत्या. त्यांची घरं केप बॅरन बेटावर वाढली, मटनबर्ड नावाचे समुद्रपक्षी धरण्याचा हंगाम दरवर्षी पाळत राहिली. सरकार म्हणायचं, हे आदिवासी नाहीत, मिश्र आहेत. त्या घरांनी आपापल्या पणज्यांची नावं सांगायला सुरुवात केली तेव्हा 'वंश संपला' हे शास्त्रीय वाटणारं विधान कुणाच्या सोयीचं होतं ते उघड झालं. जो समाज संपलाय त्याला जमीन परत द्यावी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लिखित कागदांवरच निघालं, मग आठवणींचं काय? आठवण कागदाला दार दाखवते. न्यू साउथ वेल्समध्ये १८३० च्या दशकात दरवर्षी आदिवासींना घोंगड्या वाटत आणि वाटणारा अधिकारी यादी करी: इंग्रजी नाव, मूळ नाव, अंदाजे वय, बायका किती, मुलगे किती, मुली किती, टोळी कोणती, सहसा राहतो कुठे. अधिकाऱ्याला घोंगड्यांचा हिशेब द्यायचा होता, बस. आज तीच यादी म्हणजे खाणच. पण तिच्यात 'बिली' पन्नास असतात आणि मूळ नाव कारकुनाच्या कानाला आलं तसं लिहिलेलं. यारामुंडीचीच स्पेलिंगं तीन-चार सापडतात. कुठला बिली आपला हे कपाट सांगत नाही. एखाद्या घरातली मावशी सांगते, 'आमचा तो, नदीच्या वळणावरचा, त्याच्या भावाला एक डोळा नव्हता.' तेवढ्यावर ओळ सापडते.

आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन वंशावळ वाचायचे, त्र्यंबकेश्वरला उपाध्याय चोपडी काढायचे. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांना किती भाव आला तेही तुम्ही पाहिलंय. सरकारने स्वतःच्या कामासाठी केलेली नोंद शंभर वर्षांनी नातवाने आपल्या कामाला लावायची, हा खेळ आपल्याला नवा नाही. इथे फरक एवढाच की नोंद करणाऱ्याचा हेतू पुष्कळदा वाईट होता.

त्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण नॉर्मन टिंडेलचं. १९३८-३९ मध्ये ॲडलेड आणि हार्वर्ड विद्यापीठांची मोहीम देशभरच्या आदिवासी वसाहतींमधून फिरली. टिंडेल वंशावळी लिहून घ्यायचा, सहकारी जोसेफ बर्डसेल डोकी-नाकं मोजायचा, प्रत्येकाचा समोरून आणि बाजूने फोटो, फोटोवर नंबर. वंशमिश्रणाचा अभ्यास करायचा होता त्यांना. आज त्या वंशावळी ॲडलेडच्या संग्रहालयात आहेत आणि लोक त्यांवरून आपली मोडलेली घरं जोडतात, जमिनीच्या दाव्यात त्या पुराव्यादाखल देतात. एका बाई टेबलाशी आल्या होत्या, त्यांना आजीचा एकही फोटो ठाऊक नव्हता. मी तो नंबरवाला फोटो तयारी न करता एकदम समोर ठेवला. माझी ती चूक होती. बराच वेळ त्या नंबरावर बोट ठेवून बसल्या, मग म्हणाल्या, 'केस विंचरून बसलीय बघ.' मोजमाप घेणाऱ्याला ते दिसलं नसणार. तेव्हापासून मी आधी सांगते काय आहे ते, विचारते बघायचंय का, आणि मगच पाकीट उघडते. काही समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, चित्र दाखवत नाहीत, तेही आधी विचारावं लागतं. मुलीला हे नक्की सांगा.

सरकारने आदिवासी घरांतून मुलं काढून नेल्याचे कागद वाचणं सगळ्यात जड जातं. १९१६ ते १९२८ या काळातली, त्याच आदिवासी संरक्षण मंडळाने ताब्यात घेतलेल्या मुलांची एक नोंदवही आहे. त्या काळच्या फॉर्मात एक रकाना असायचा, 'मंडळाने मूल ताब्यात घेण्याचं कारण'. काही व्यवस्थापकांनी तिथे सरळ लिहिलंय: आदिवासी असल्यामुळे. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने म्हटलं की साधारण १९१० ते १९७० या काळात दहांतलं एक ते तिनांतलं एक आदिवासी मूल असं नेलं गेलं. हा आकडा मोठा आहे, पण मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त सांगते. घराघरांतल्या आठवणी वेगवेगळ्या गावांच्या असूनही एकसारख्या होत्या: गाडी आली की मुलांना झुडपात लपवायचं, उजळ मुलांच्या अंगाला काजळी फासायची. १९८० साली 'लिंक-अप' ही संस्था घरं जोडायला निघाली तेव्हा जो तो समजत होता की आपल्याच घरात काहीतरी चुकलं असेल, आपल्या आईने आपल्याला टाकलं असेल. घरं एकमेकांशेजारी ठेवल्यावर कळलं की हे धोरण होतं. खात्याच्या फायलीत मात्र आईची पत्रं पडून असत, 'माझं मूल परत द्या' म्हणणारी, मुलापर्यंत कधीच न पोचलेली.

आता तुमच्या शंकेतला खरा भाग. आठवण चुकते. दोन घटना एकात मिसळतात, पणजोबा-खापरपणजोबा एक होतात, सनाचा तर पत्ताच नसतो. माझ्याकडे येणाऱ्या घरकथांपैकी कितीतरी तपशिलात मोडतात आणि मी तसं तोंडावर सांगते. पण कागदही चुकतो, फक्त त्याची चूक टंकलिखित असते. मध्य ऑस्ट्रेलियात १९२८ मध्ये पोलिसांच्या टोळीने आदिवासींना मारलं, त्या कॉनिस्टन हत्याकांडात अधिकृत आकडा ३१ मृतांचा. वार्लपिरी आणि शेजारच्या समाजांतली घरं पाणवठ्यांची नावं घेऊन कोण कुठे पडलं ते सांगतात आणि बेरीज ३१ च्या बरीच पुढे जाते. त्या आकड्यात पोलिसांच्या अहवालात आलेलेच मेलेले मोजलेत, हे लक्षात घ्या.

कागदाला जास्त मान दिल्याने काय होतं, त्याचं उदाहरण कोर्टातलं आहे. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांनी जमिनीवर दावा लावला. त्यांच्या पूर्वजांपैकी ४२ पुरुषांनी १८८१ साली गव्हर्नरला अर्ज केला होता, की आमच्या हद्दीतली सगळी जमीन सरकारने आणि गोऱ्यांनी घेतली, आम्हाला शेती करायला तुकडा द्या. वंशजांना वाटलं, हक्क कधी सोडला नाही याचा याहून भक्कम पुरावा कुठला? १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तोच अर्ज उलटा वाचला: हे शेती मागतायत, म्हणजे जुनी जीवनपद्धती तेव्हाच सुटली होती. घरातल्या साक्षींपेक्षा त्यांना एडवर्ड कर या मेंढपाळ जमीनदाराचं १८८३ चं आठवणींचं पुस्तक जास्त विश्वासार्ह वाटलं. म्हणजे गोऱ्या माणसाची आठवण छापली की कागद, आदिवासी माणसाने सांगितली की नुसती आठवण! २००२ साली सर्वोच्च पातळीवरही तो निकाल कायम राहिला. मी वकील नाही, पण रोज असे अर्ज वाचते, आणि मला तो निकाल वाचनाची चूक वाटतो. मारियाचा १८३१ चा अर्ज आणि हा १८८१ चा अर्ज शेजारी ठेवा. दोघांचंही मागणं एकच आहे आणि दोघांनाही ठाऊक आहे की ते आपलंच आहे.

शेवटी थोडं गोऱ्या घरांबद्दल, कारण बदल एकतर्फी नाही. १८३८ च्या १० जूनला मायल क्रीकला सुमारे २८ आदिवासी मारले गेले, त्यापायी सात जण फाशी गेले. २००० साली तिथे स्मारक झालं तेव्हा मारणाऱ्यांचे आणि वाचलेल्यांचे वंशज एकत्र उभे होते. ज्यांनी स्वतःच्या घरचे कागद चाळताना आपला पूर्वज त्या यादीत पाहिला, त्यांना 'तो काळच तसा होता' म्हणणं मग तितकंसं सोपं जात नाही.

मुलीच्या प्रकल्पासाठी: जुन्या नेटिव्ह इन्स्टिट्यूशनची जागा तुमच्या घराजवळच आहे, ओकहर्स्टला, रिचमंड रोड आणि रूटी हिल रोड नॉर्थच्या कोपऱ्यावर. बघायला गेलात तर मोकळं गवत दिसेल. २०१८ मध्ये ती जागा धारुग लोकांच्या ताब्यात परत आली. आधी तिथे उभं राहू द्या तिला, मग मारियाच्या अर्जाचा मजकूर वाचायला द्या. तिथून प्रॉस्पेक्ट फार दूर नाही; सेंट बार्थोलोम्यूजच्या आवारात मारिया आणि रॉबर्ट शेजारी शेजारी आहेत. आणि घराण्यातल्या कुणाशी बोलायचं असेल तर समाजाच्या संस्थेला आधी पत्र पाठवा, थेट दारात जाऊन 'तुमची कहाणी सांगा' म्हणू नका. लग्नाला बोलावल्याशिवाय जात नाही ना आपण, तसंच.